गर्भाआधीची तयारी : वेंगुर्ले आणि दक्षिण कोकण

निरोगी मूल हवे तर आईबापांच्या शरीराची तयारी गर्भ राहण्याआधी व्हायला हवी, हा विचार दक्षिण कोकणात नवा नाही. वेंगुर्ल्याच्या मुलखात तो तीन वाटांनी आला : वैद्यांच्या ग्रंथांतून, घरातल्या संस्कारांतून आणि ग्रामदेवतेपुढच्या गाऱ्हाण्यातून. बाईच्या शरीराला मात्र त्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात : पुरेसे वय, पोटभर सकस अन्न आणि दोन बाळंतपणांत अंतर. ग्रंथांनी वयाचा आणि अन्नाचा विचार केला होता. रूढीने वय मोडीत काढले, गरिबीने अन्न. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बव्हंशी या तीन गोष्टी बाईच्या पदरात कशा पडत गेल्या, याचा आहे.

ग्रंथांतला विचार

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दुसरा अध्याय शुक्र (पुरुषाचे बीज) आणि आर्तव (स्त्रीचे बीज) यांच्या शुद्धीचा आहे. गर्भ राहण्यास ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक लागतात, असे तो सांगतो. भातशेती करणाऱ्या माणसाला वेळ, जमीन, पाणी आणि बियाणे यांचा हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. आधी स्नेहन (तेल-तूप देणे) आणि स्वेदन (घाम आणणे), मग वमन-विरेचनाने (उलटी-जुलाबांनी) शरीरशुद्धी, त्यानंतर बस्ती (औषधी एनिमा), असा तो क्रम आहे. शुद्धीनंतर पुरुषाने मधुर औषधींनी सिद्ध केलेले तूप आणि दूध घ्यावे, स्त्रीने तेल आणि उडीद खावेत, असा आहार दिला आहे. ही सगळी तयारी दोघांचीही आहे. बीजातला दोष स्त्रीचा असू शकतो तसा पुरुषाचाही असू शकतो, हे दोन्ही संहितांनी गृहीत धरले आहे.

वयाबद्दल सुश्रुताचे म्हणणे स्पष्ट आहे. पुरुष २५ वर्षांचा आणि स्त्री १६ वर्षांची झाल्यावरच दोघे पुरेशा ताकदीचे होतात. त्याआधी राहिलेला गर्भ पोटातच दगावतो, जन्मला तर फार जगत नाही, आणि जगला तरी दुबळा राहतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात स्त्रीसाठी १६ हेच वय ठेवले, पुरुषासाठी २० धरले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय १८८० साली मुंबईत छापून निघाले आणि पोथीतली ही वचने छापील पुस्तकात आली. पण शोधनाचा हा विधी करायला वैद्य हवा, घरात तूप-दूध हवे आणि काही आठवड्यांची सवड हवी. कष्टकरी घरांत यातले काहीच नसे. तिथे बाईच्या शरीराची जाणकार म्हणजे गावची सुईण, आणि तिला बोलावणे जाई ते कळा सुरू झाल्यावर.

न्हाण, फलशोभन आणि गाऱ्हाणे

घराघरांत चालत आलेला विधी वयाकडे पाहत नसे, तो न्हाणाकडे, म्हणजे पहिल्या पाळीकडे, पाहत असे. लग्न आधीच झालेल्या मुलीला पहिल्यांदा न्हाण आले की तिला मखरात बसवत. आप्त-शेजारणी ओटी भरत, गोडधोड आणत, ऐपत असेल तिथे वाजंत्री लागे. चौथ्या दिवशी न्हाऊ घातल्यावर मुहूर्त पाहून फलशोभन, म्हणजेच गर्भाधान होई. सोळा संस्कारांतला हा पहिला, आणि तो ऋतुकालाच्या ठरावीक रात्रींतच करावा असा धर्मशास्त्राचा दंडक. त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुलगी न्हाली की ती मूल धारण करायला तयार झाली, असे समजले जाई. वैद्यकाचे सोळावे वर्ष आणि रूढीचा हा मुहूर्त यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर पडे, आणि हाडामांसाने मुलगी वाढते ती नेमकी याच वर्षांत.

मूल राहिले नाही तर पुढची वाट देवळाकडे जाई. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी आणि आरवलीचा वेतोबा ही या भागातली मोठी श्रद्धास्थाने. देवाला गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा, नवस बोलायचा. वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहायच्या. कोकणातल्या अशा चालींची नोंद ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या लोकसाहित्याच्या संकलनात सापडते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या या सामग्रीत गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरे आहेत; संततीसाठी पिंपळाला घालायच्या प्रदक्षिणा आणि नवस त्यांत आहेत. या उपायांचा भार बहुधा बाईवरच असे. नवऱ्याच्या बीजाची शंका संहितांनी घेतली होती, गावाने ती क्वचितच घेतली.

वयाचा वाद

वैद्यकाचे वय आणि रूढीचा मुहूर्त यांच्यातले हे अंतर चव्हाट्यावर आले ते १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने. या कायद्याने शरीरसंबंधासाठीचे मुलीचे संमतिवय १० वरून १२ केले. १२ वर्षांच्या आत न्हाण आले तर गर्भाधान लांबणार आणि धर्म बुडणार, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून, असे लांबवणे शास्त्राला मंजूर असल्याचे दाखवले. लोकमान्य टिळकांनी सरकारी कायद्याला कडाडून विरोध केला. मात्र १८९० मध्ये, सुधारकांनी स्वतःहून पाळावेत म्हणून, त्यांनी सुचवलेल्या नियमांत मुलीचे लग्न १६ आणि मुलाचे २० वर्षांआधी करू नये, असे होते. हे आकडे वाग्भटाच्या आकड्यांशी जुळतात.

कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचे दुःख आनंदीबाई जोशी यांनी स्वतः सोसले होते. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी मूल. ते मूल दहा दिवसांत गेले. १८८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही लग्नाची किमान वये ठरवली. १ एप्रिल १९३० ला तो अमलात येण्याआधी लग्ने उरकून घेण्याची देशभर घाई उडाली. वेंगुर्ले १८१२ पासून इंग्रजी अमलात असल्याने कायदा तिथे लागू झाला. सावंतवाडी संस्थान आणि दक्षिणेकडच्या रेडी गावापलीकडचा पोर्तुगीज गोवा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. मुलीचे किमान वय १९४९ मध्ये १५ झाले आणि १९७८ मध्ये मुलीसाठी १८, मुलासाठी २१. सुश्रुताचे सोळावे वर्ष कायद्याने ओलांडले ते असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लग्न आणि न्हाण यांचा क्रम उलटला तसे मखर आणि फलशोभनाचा जाहीर सोहळा मागे पडले.

पेज, लावणी आणि गिरणी

वय वाढले तरी अन्नाचा प्रश्न उरला. कोकणातल्या गरीब घराचा आहार म्हणजे उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, आमटीत नारळ आणि परवडेल तेव्हा मासे. हा आहार मुळात वाईट नाही. भात उकडून मग कांडला की ब गटातली काही जीवनसत्त्वे दाण्यात टिकतात, नाचणीत कॅल्शियम भरपूर, मासळीतून बी-१२ मिळते. अडचण हंगामाची होती. ज्येष्ठ-आषाढात कणगी तळाला जाते, समुद्र बंद होतो, आणि लावणीचे वाकून करायचे काम त्याच दिवसांत येते. तेव्हा ताटात सुका बांगडा किंवा जवळा आणि परड्यातला टाकळा, शेवग्याचा पाला, अळू. त्यातही बाई सगळ्यांच्या मागून जेवणार. या पालेभाज्यांत लोह आणि फोलेट असते, पण पानात येणारा वाटा लहान.

पुरुष बहुधा मुंबईत असे. मुंबईच्या गिरणीकामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा मोठा भरणा होता, आणि १९८१ पर्यंत वेंगुर्ले त्याच जिल्ह्यात होते. त्याच मुंबईत १९२८ पासून डॉ. ल्यूसी विल्स गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा (अॅनिमियाचा) अभ्यास करीत होत्या. गरीब कामकरी बायकांत हा रोग जास्त दिसे. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, तो बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

तिसरी गोष्ट दोन बाळंतपणांतल्या अंतराची. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. मूल केव्हा हवे हे जोडप्याने ठरवावे, हा त्यांचा आग्रह. गुप्तरोगांबद्दलही ते उघडपणे लिहीत. उपदंशासारख्या रोगाने गर्भपात होतात, मूल मेलेले जन्मते; म्हणून गर्भाआधी नवरा-बायको दोघांवरही उपचार व्हायला हवेत, हा मुद्दा घरापासून महिनोन्महिने दूर राहणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलखाला लागू होता.

खुद्द वेंगुर्ल्यात आधुनिक वैद्यक आणण्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या सेंट ल्यूक रुग्णालयाचा मोठा वाटा आहे.   मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी गरोदरपणातली नियमित तपासणी ही कल्पनाच जगभर नवी होती. रुग्णालयाचा उपयोग आजाराला आणि अडलेल्या बाळंतपणाला. गर्भाआधी दवाखान्याची पायरी चढण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

विज्ञान ‘आधी’कडे वळले

गर्भाआधी दवाखान्यात जाण्याचे ते कारण १९९१ मध्ये ठोसपणे पुढे आले. ज्यांच्या आधीच्या बाळात मज्जारज्जूचा जन्मदोष होता, अशा बायकांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ७ देशांत चाचणी घेतली होती. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास हा दोष ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे तीत दिसले. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मज्जारज्जू घडतो ती नळी, पहिल्या २८ दिवसांतच मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन बाई डॉक्टरकडे जाईपर्यंत ही वेळ बहुधा टळलेली असते, म्हणून गोळी आधीच सुरू करावी लागते. साधारण प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम. ती निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने घ्यायची.

महाराष्ट्रातल्या संशोधनाने पुढची भर घातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात आसपासच्या सहा गावांतल्या बायकांच्या नोंदी गर्भ राहण्याआधीपासून ठेवल्या गेल्या. इथली बाळे वजनाने हलकी पण अंगात चरबीचे प्रमाण जास्त असलेली, हे त्यातून पुढे आले. आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलाला पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे दिसतात, हेही. मुंबईतल्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ दरम्यान बायकांना गर्भाआधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान ९० दिवस आधी सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाणही खाऊ घेणाऱ्या बायकांत कमी आढळले.

आजची तयारी

आज डॉक्टर सांगतात ती यादी त्यामुळे लांबली आहे : हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब यांची तपासणी, रुबेलाची लस, वजन आटोक्यात, चालू औषधांचा फेरविचार, फोलिक आम्ल, आणि दोघांसाठीही तंबाखू व दारू बंद. सरकारी पातळीवर २०१३ च्या सुमारास किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला लोह-फोलिक आम्लाची गोळी देण्यास सुरुवात झाली, आणि २०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत मोहिमेत गरोदर नसलेल्या २० वर्षांपुढच्या बायकाही आल्या. शाळेतल्या गोळीपासून आशा कार्यकर्तीच्या भेटीपर्यंत ही तयारी आता बाळंतपणाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. वय कायद्याने मिळाले, अंतराची साधने आरोग्य केंद्रात मिळतात, अन्नातली उणीव काही प्रमाणात गोळी भरून काढते. विशी ओलांडलेला पुरुष मात्र अजून या मोहिमेच्या यादीत नाही.