इस्ताव्यापासून खंडापर्यंत

इंदापूरच्या माळावर जमीन पडून राहायची ती पाऊस दगा द्यायचा म्हणून आणि साराही झेपत नसे म्हणून. मराठेशाहीत अशी पडीक जमीन इस्ताव्याने देत. पहिल्या सालात नाममात्र आकार, पुढे दरसाल थोडी चढ आणि शेवटी पुरा दर. गवताळ रान मोडून त्यात ज्वारी उभी करायला कुणब्याला उसंत मिळे. ही समजूतदार रीत होती.

इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याच्या मोजणीने सारा डोईजड केला आणि माणसे रानं सोडून निघाली. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापुरात नव्याने मोजणीला उतरले. साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. मातीचा रंग नि खोली पाहून प्रत ठरली, सारा उतरला आणि तो 30 वर्षे कायम राहिला. मुंबई इलाख्याची रयतवारी इथेच घडली. जे सर्व्हे नंबर कुणी घेतले नाहीत, त्यांची चराई सरकार लिलावाने देई.

पुढे नीरा डावा कालवा आला, आणि माळाचा भाव पालटला. 1930 च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखान्याने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने, घेतल्या. 1961 च्या कमाल धारणा कायद्याने त्या सरकारकडे गेल्या आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाने त्या कसल्या. मूळ मालक मात्र ‘खंडकरी’ म्हणून दारोदार फिरत राहिले. त्यांना जमिनी परत देण्याचा मार्ग 2012 मध्ये मोकळा झाला. तोवर अर्ज करणाऱ्यांची नातवंडे कर्ती झाली होती.