विझत्या उजेडाचा माग

19 मार्च 2008. तुमसरात सकाळचे पावणेबारा होत आले होते. त्याच वेळी भूतप तारकासमूहात एक ठिपका असा उजळला, की अंधारात उभ्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. तोही जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट. आपल्याकडे डोक्यावर ऊन, चिलीत मात्र रात्र होती, म्हणून तिथल्या कॅमेऱ्यांनी तो टिपला. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीच अस्तित्वात नव्हती.

तो एका गॅमा-किरण स्फोटाचा उजेड होता. असे स्फोट पहिल्यांदा सापडले ते चोरीछुपे होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना, 1967 साली. बातमी 1973 मध्ये जाहीर झाली. पुढे जवळपास दोन तपे वाद चालला: हे आपल्याच आकाशगंगेतले, की विश्वाच्या पार टोकाचे? गॅमा-किरण काही सेकंदांत संपतात आणि नेमकी जागा सांगत नाहीत. उत्तर मिळाले ते त्यांच्यामागे रेंगाळणाऱ्या उजेडातून. बेप्पोसॅक्स उपग्रहाने 28 फेब्रुवारी 1997 च्या स्फोटाची दिशा पटकन कळवली आणि तिथे क्ष-किरणांचा व दृश्य प्रकाशाचा मावळता ठिपका सापडला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणखी एक स्फोट झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला 1956 साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा कॅलटेकमध्ये होते. त्यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीने त्या उजेडाचा वर्णपट घेतला. अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे निघाले आणि जुना वाद मिटला.

पण खरी गंमत उजेड कसा कमी होतो यात आहे. स्फोटातून निघालेला झोत भोवतालच्या वायूवर आदळतो, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रारण सोडतात. साधारण दहापट वेळ लोटला की उजेड दहापट कमी, असा सुरुवातीचा ढोबळ हिशेब. जानेवारी 1999 च्या स्फोटात दोनेक दिवसांनी हा हिशेब मोडला, आलेखाचा उतार एकदम तीव्र झाला. ऊर्जा सगळीकडे सारखी फेकली गेली असे धरले, तर जवळपास दोन सूर्यांचे वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदलावे लागले असते! कुलकर्णींच्या गटाने वाकलेल्या आलेखाचा अर्थ लावला तो असा: झोत अरुंद आहे, म्हणजे खरी ऊर्जा कितीतरी कमी. स्फोटाचा आकार कोणी पाहिला नव्हता. तो उताराने सांगितला.

झोत मंदावत जातो तसा उजेड रेडिओ लहरींकडे सरकतो, आणि इथे जुन्नर तालुक्यातल्या खोडदचा संबंध येतो. टोमॅटो-द्राक्षांच्या शिवारात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या नेमक्या लांब लहरी ऐकतात. 29 मार्च 2003 च्या, तुलनेने जवळच्या स्फोटाचा माग नेदरलँड्समधल्या वेस्टरबॉर्क रेडिओ दुर्बिणीने आणि जीएमआरटीने हजार दिवसांहून पुढेपर्यंत ठेवला. तोवर झोताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपासही उरला नव्हता. हे काम दृश्य दुर्बिणीच्या आवाक्यातले नव्हतेच.

पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात (एनसीआरए) काम केलेल्या पूनम चंद्रा यांनी डेल फ्रेल यांच्यासह 2012 मध्ये रेडिओ निरीक्षणांची मोठी यादी छापली. तिच्यातल्या 304 स्फोटांपैकी फक्त 95 रेडिओत सापडले होते.