षट्कोनी ड्रमची कहाणी

मृदंग असो, ढोल असो की पाश्चात्त्य पद्धतीचा ड्रम असो, या वाद्यांचे तोंड गोलच असते. कातडे गोल ताणले तरच ते सर्व बाजूंनी सारखे बोलते, हा जगभरच्या कारागिरांचा अनुभव. म्हणूनच १९८१ साली इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स या शहरी तयार झालेल्या एका ड्रमसंचाने पाहणाऱ्यांना बुचकळ्यात पाडले. त्यात गोल असे काही नव्हतेच. मधमाशांच्या पोळ्यातील घरांसारखे षट्कोनी, चपटे पॅड आणि बाजूला बटणांची एक पेटी, एवढाच तो संसार. पॅडवर स्टिक मारली तर पॅड स्वतः नुसते ‘टक’ म्हणे. खरा आवाज पेटीतून निघून ध्वनिक्षेपकावाटे ऐकू येई.

हा सिमन्स कंपनीचा एसडीएस-५. आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील काही हौशी मंडळी असे संच अडगळीतून शोधून काढतात, महिनोन्‌महिने खपून ते दुरुस्त करतात आणि पुन्हा वाजवतात. असले आवाज आता संगणकात आयते मिळत असता हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला होता. त्याचे उत्तर या वाद्याच्या जन्मकथेत आहे असे मला वाटते.

विजेच्या ड्रमची कल्पना सिमन्स यांच्याही आधीची. ‘मूडी ब्लूज’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे ड्रमवादक ग्रॅम एज यांनी ससेक्स विद्यापीठातील ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्या साहाय्याने असे एक वाद्य सिद्ध केले होते. १९७१ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकावयास मिळते. जर्मनीत ‘क्राफ्टवर्क’ या वृंदाचे वोल्फगांग फ्ल्यूर १९७३ च्या सुमारास धातूच्या चकत्यांवर धातूच्या सळ्या टेकवून ताल धरू लागले. सळी चकतीला लागली की विजेचे मंडल पूर्ण होई आणि आवाज उमटे. मात्र हलके मारा की जोराने, आवाज तेवढाच! पुढे अमेरिकेत जो पोलार्ड यांचा ‘सिनड्रम’ आला. वरून खाली घसरत जाणारा त्याचा आवाज त्या काळच्या डिस्को गीतांतून बराच गाजला. पण जेवणात चटणी असावी तसा तो तोंडी लावण्यापुरताच राहिला.

मग १९८० साली एक मोठी घटना घडली. रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थांनी एलएम-१ नावाचे ड्रमयंत्र बाजारात आणले. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. खऱ्या ड्रमचे आवाज त्याच्या स्मृतीत साठवलेले होते. बोटांनी ताल भरून ठेवावा आणि कळ दाबावी. यंत्र न थकता, न चुकता वाजत राही. हातमागावर पोट भरणाऱ्या विणकराला यंत्रमाग पाहून जे वाटले असेल तेच स्टुडिओतल्या ड्रमवादकाला वाटले. गायकाला गळा हवा, गिटारला बोटे हवीत, पण तालाला आता माणूस नको, अशी ती भीती होती.

डेव्ह सिमन्स यांनी ‘लँडस्केप’ या वृंदाचे ड्रमवादक रिचर्ड बर्जेस यांच्या सहकार्याने एसडीएस-५ घडवला तो नेमका याच काळात. तोही यंत्रच, पण माणसाने हात उचलल्याखेरीज त्यातून चकार शब्द निघत नसे. ड्रमवादक रंगमंचावर टिकून राहिला, त्याचे काही श्रेय या षट्कोनी पॅडला द्यावयास हवे. ‘स्पँडाऊ बॅले’सारख्या वृंदांनी तो आवाज लोकप्रिय केला, तर ‘किंग क्रिमसन’मध्ये बिल ब्रुफर्ड यांच्यासारख्या विचारी वादकाने त्यातून गंभीर संगीत काढून दाखविले.

त्याची आतील रचना फार गहन नाही. आघाताचे कंपन पॅडमधील संवेदक टिपतो आणि त्याचा एक विद्युत्‌-स्पंद तारेवाटे पेटीत जातो. आघात जोराचा तर स्पंदही मोठा. पेटीत बेस, स्नेअर आणि टॉम यांसाठी वेगवेगळी इलेक्ट्रॉनिक कार्डे बसविलेली असतात. प्रत्येक कार्डावर एक शुद्ध स्वर आणि धबधब्यासारखा एक खरखराट निर्माण होतो. त्यांचे मिश्रण किती करावयाचे, स्वर किती खाली घसरवायचा आणि किती वेळात विरू द्यायचा, हे बटणे फिरवून ठरते. त्यामुळे कोणाचेही दोन संच तंतोतंत सारखे बोलत नाहीत.

या वाद्याला एक खोडही होती. पॅडचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे पोलिसांच्या दंगलविरोधी ढालींना वापरतात त्याच द्रव्याचा. ताणलेले कातडे आघात झेलून स्टिक परत उसळवते. ही ढाल मात्र सगळा धक्का मनगटात उतरवी. मनगटे आणि कोपरे दुखू लागल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने पुढील पॅडवर रबर चढविले.

पण याच वाद्यजातीने एका वादकाला जे दिले त्यास तोड नाही. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ झालेल्या मोटार-अपघातात ‘डेफ लेपर्ड’चे ड्रमवादक रिक ॲलन यांचा डावा हात गेला. वय अवघे एकवीस. डॉक्टरांनी तो जोडण्याचा प्रयत्न केला, पण जंतुसंसर्गामुळे पुन्हा काढावा लागला. एका हाताने ड्रम कसे वाजवायचे? साध्या ड्रमला याचे उत्तर नव्हते, विजेच्या ड्रमला होते. तेथे आवाजाचे आणि आघाताच्या जागेचे नाते जन्मजात नसते, ते तारेने जोडता येते. डाव्या हाताने वाजवायचे आवाज डाव्या पायाखालच्या पायट्यांना जोडले गेले. सिमन्स कंपनीने त्यांच्यासाठी तसा संच तयार केला. सहकाऱ्यांनी दुसरा वादक शोधला नाही, ते थांबले. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टन येथील भव्य महोत्सवात ॲलन हजारो श्रोत्यांसमोर पुन्हा ड्रमवर बसले.

सिमन्स कंपनीचे दिवस मात्र पुढे फिरले. १९८७ चा त्यांचा महागडा एसडीएक्स संच सर्वसामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचा होता. लोकांची अभिरुचीही पालटली आणि शतक संपण्यापूर्वी मूळ कंपनी बंद पडली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली आठ पॅडची एक सुटसुटीत पाटी काढली होती, ऑक्टोपॅड. पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता; दुसऱ्या यंत्राला जोडले तरच तो बोले. पुढच्या पिढ्यांत आवाज आत आले आणि आपल्याकडील ऑर्केस्ट्रांनी, लग्नमांडवांनी त्याला असा काही आश्रय दिला की ढोलकीपासून घुंगरांपर्यंत सारे त्या पाटीवर वाजू लागले. आपल्या कार्यक्रमांत तो उभ्याने वाजविणारा तरुण या षट्कोनी घराण्याचाच दूरचा नातेवाईक आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

आता जुने संच दुरुस्त करणाऱ्यांविषयी. लाकडी ड्रम म्हातारा झाला तर कातडे बदलावे, लाकडाला पॉलिश द्यावे. येथे वार्धक्य आतून येते. पॅडमधील फोमचा भुगा होतो. चिकटवलेला संवेदक सुटतो. कार्डावरील कपॅसिटर सुकतात, सोल्डरिंगचे डाग तडकतात, जोडण्यांवर गंज चढतो. ज्या चिप बनणे केव्हाच थांबले, त्यांसाठी दुसरा एखादा मृत संच उघडून त्याचे अवयव काढावे लागतात. एक जगविण्यासाठी दुसरा मोडायचा, हा निर्णय संग्राहकाला सोपा जात नाही.

त्यांच्यात एक जुना वाद आहे. काहींच्या मते मूळ वस्तूला हात लावू नये. स्क्रूदेखील त्याच काळातला हवा. दुसरे पॅडखाली नवा मऊ थर घालतात, नवा संवेदक बसवतात आणि रोज वाजवतात. मी या दुसऱ्यांच्या बाजूचा. जे वाद्य वादकाचा हात राखण्यासाठी कामी आले, ते त्याचेच मनगट दुखते म्हणून काचेच्या कपाटात ठेवणे मला विपरीत वाटते. काढलेले जुने भाग डबीत जपून ठेवावे, म्हणजे पुढच्याला हवे तर परत बसवता येतील.

दुरुस्तीचा शेवट ठरलेला असतो. कार्डे एकेक करून पेटीत सरकवायची, वीज द्यायची, आवाजाचे बटण अगदी खाली ठेवून टॉमच्या पॅडवर बोटाने टिचकी मारायची. पहिल्यांदा बहुधा नुसती घरघर येते. मग पुन्हा पेटी उघडायची.