लष्करशाही फ्रेंच बोलते का?

माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर, गॅबॉन. २०२० ते २०२३ या काळात या सगळ्या देशांत लष्कराने सत्ता बळकावली आणि हे सगळे एकेकाळी फ्रान्सच्या अमलाखालचे. तेवढ्यावरून सिद्धान्त तयार झाला: इंग्रजांनी मागे संसद ठेवली, फ्रेंचांनी बाहुली हुकूमशहा, म्हणून फ्रेंचभाषक आफ्रिकेत लोकशाही रुजत नाही.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. १९६४ मध्ये गॅबॉनच्या लष्करी अधिकाऱ्यांनी अध्यक्ष लिऑन म्बा यांना हटवले, तेव्हा फ्रेंच फौजेने त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले. सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची दोरी तर दशकानुदशके पॅरिसच्या हाती होती.

पण अन्वयाबरोबर व्यतिरेकही तपासावा लागतो. गिनीने १९५८ च्या सार्वमतात फ्रान्सचे नेते द गॉल यांना साफ नकार दिला, पुढे फ्रँकही सोडला. तरी सेकू तुरे यांची राजवट इतकी क्रूर निघाली की आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली यांचाही १९७७ मध्ये बोइरोच्या तुरुंगछावणीत अंत झाला. आणि इंग्रजांची संसद? घानात लष्कराने १९६६, १९७२, १९७९ आणि १९८१ मध्ये सत्ता घेतली; नायजेरियात १९६६ या एकाच वर्षात दोनदा.

या सिद्धान्ताची खरी पंचाईत होते ती फ्रेंचभाषक बेनिनमध्ये. १९७२ च्या बंडातून आलेले मातिए केरेकू सतरा वर्षे राज्य करत होते, त्यातला बराच काळ मार्क्सवादाच्या नावाने. १९८९ अखेर तिजोरी रिकामी, बँका बुडालेल्या, शिक्षक-कारकुनांचे पगार महिनोन्महिने थकलेले. फेब्रुवारी १९९० मध्ये कोतोनूच्या एका हॉटेलात राष्ट्रीय परिषद भरली. कामगार पुढारी, वकील, शेतकरी, धर्मगुरू, माजी अध्यक्षसुद्धा. अध्यक्षस्थानी बिशप इझिदोर द सूझा. सल्ल्यापुरत्या बोलावलेल्या या मंडळींनी परिषद सार्वभौम असल्याचे जाहीर केले आणि यजमानाचेच अधिकार काढून घेतले! केरेकूंनी ते मानले. १९९१ मध्ये ते निसेफोर सोग्लो यांच्याकडून निवडणूक हरले आणि १९९६ मध्ये निवडणूक जिंकूनच परतले.

शेजारच्या टोगोनेही १९९१ मध्ये अशीच परिषद भरवली. भाषा तीच, फ्रँक तोच. पण तिथले सैन्य मुख्यतः अध्यक्ष एयादेमा यांच्याच काबिये जमातीतून भरलेले होते. या सैन्याने परिषदेने नेमलेल्या पंतप्रधानांच्या निवासावर हल्ला चढवला आणि सगळा डाव उधळला. तेव्हा राज्यकर्त्याची भाषा कोणती, यापेक्षा बंदूक कोणाच्या शब्दात आहे हे आधी विचारावे.

सेनेगलमध्ये तर आजवर एकही लष्करी बंड यशस्वी झालेले नाही. २०२४ मध्ये अध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक लांबवण्याचा घाट घातला, तो तिथल्या घटना परिषदेने रद्द ठरवला. मार्चमध्ये मतदान झाले आणि जेमतेम दहा दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत अध्यक्ष झाले. ही घटना परिषद फ्रेंच नमुन्यावरच बेतलेली आहे.