वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटे आहेत. त्यांच्या विमानतळांमधले हवाई अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर, म्हणजे मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीहूनही कमी. नियमित वेळापत्रक असलेला जगातला हा सर्वांत छोटा विमानप्रवास आहे.

या बेटांना विमानाची सवय लावली ती कॅप्टन अर्नेस्ट फ्रेसन यांनी. 1933 मध्ये त्यांच्या ‘हायलँड एअरवेज’ने स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील इन्व्हर्नेस ते ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल अशी सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी त्याच मार्गावर, नेहमीच्याच दरात, टपालही विमानाने जाऊ लागले. कर्कवॉलहून लहान बेटांकडे जाणारी विमाने तेव्हा चक्क शेतात उतरत. पुढे महायुद्ध आले, त्यामागोमाग विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण, आणि बेटांना पुन्हा बोटीवरच भिस्त ठेवावी लागली.

1967 मध्ये ‘लोगनएअर’ने ही सेवा पुन्हा उभी केली. ही कंपनी मुळात 1962 साली एका बांधकाम व्यवसायाच्या गरजेतून निघालेली. तिच्या हाती योग्य वेळी योग्य विमान आले. ब्रिटन-नॉर्मन ‘आयलँडर’ हे दोन इंजिनांचे, आठेक प्रवाशांचे विमान आखूड धावपट्टीवरून सहज उठते. त्याची बांधणी इतकी साधी की एक प्रवासी थेट वैमानिकाच्या शेजारी बसतो.

वेळापत्रकात वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या उड्डाणाला दोन मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्षात दीडेक मिनिट लागते. वारा पाठीशी असला आणि उतरताना वळसा घ्यावा लागला नाही, तर त्याहूनही कमी. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावर 53 सेकंदांचा विक्रम आहे. एवढ्या अल्प प्रवासात अंतरापेक्षा वाऱ्याची दिशाच वेळ ठरवते. विमान पुरेशी उंची गाठण्याआधीच उतरणीला लागते.

मात्र विक्रमासाठी हा मार्ग कोणी आखलेला नाही. विमान खरे तर कर्कवॉलहून निघते आणि कर्कवॉललाच परतते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे हे त्या फेरीतले दोन थांबे. दोन्ही बेटांना एकाच फेरीत जोडणे स्वस्त पडते, म्हणून मधला तुकडा इतका छोटा झाला. पापा वेस्ट्रेवर शंभरही लोक राहत नाहीत. तिकिटांच्या उत्पन्नावर अशी सेवा चालणे शक्य नाही, तेव्हा ती सार्वजनिक अनुदानावर तगून आहे. शिक्षक, डॉक्टर, तपासणीसाठी कर्कवॉलला निघालेले रुग्ण, आणि पापा वेस्ट्रेवरच्याच नॅप ऑफ हॉवर येथील पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी घरे पाहायला येणारे पुरातत्त्वज्ञ हे तिचे नेहमीचे प्रवासी. केवळ ‘जगातले सर्वांत छोटे उड्डाण’ अनुभवायला येणाऱ्या हौशी पर्यटकांची भर त्यात नंतर पडली.