सुई आली कुठून?

ठाण्याच्या मानपाड्यात घोडबंदर रोडलगतच्या सोसायट्या असोत की डोंबिवलीचा मानपाडा रोड, दवाखान्यांच्या पाट्यांच्या गर्दीत ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा शब्द दिसला तर आता कुणी थबकत नाही. गुडघ्याने, कमरेने किंवा अर्धशिशीने गांजलेली माणसं अशा ठिकाणी जातात, बारीक सुया टोचून घेतात आणि घरी येतात. ही चिनी सुई भारतात कोणा व्यापाऱ्याने आणली नाही, सरकारने तर नाहीच. ती आली एका स्वयंसेवक पथकाने जोडलेल्या ओळखींतून. त्या पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी दोघे मराठी होते.

सुईचं मूळ कूळ अर्थात फार जुनं. 1968 मध्ये चीनच्या हबेई प्रांतात मानचंग इथे हान राजघराण्यातल्या ल्यू शंगची कबर उघडली गेली. तो इसवी सनापूर्वी 113 मध्ये वारला होता. त्याच्यासोबत पुरलेल्या वस्तूंत चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या उपचाराच्या सुया निघाल्या. पण जुनं म्हणजे अखंड मानाचं असं नव्हे. 1822 मध्ये चिनी सम्राटानेच दरबारी वैद्यक अकादमीतून सुईचं शिक्षण बंद केलं. 1929 मध्ये पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांनी सगळं देशी वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव आणला. तो अमलात आला नाही, तरी सुशिक्षितांच्या लेखी सुई ही खेड्यापाड्यातल्या वैदूंची चीज होऊन बसली होती.

तिचे दिवस पालटले ते युद्धामुळे. 1937 च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी चढाई केली. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेकडे पुरेसे डॉक्टर नव्हते, पुरेशी औषधं नव्हती. त्या वेळी त्या सैन्यासोबत राहणाऱ्या अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांच्या सुचवण्यावरून सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. अमेरिकन बाईचा सल्ला, चिनी सेनापतीचं पत्र आणि भारतीय पत्ता, अशी ही सुरुवात.

भारताला तेव्हा स्वतःचं परराष्ट्र खातं नव्हतं, कारण देशच स्वतःचा नव्हता. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं आणि 22,000 रुपयांचा निधी जमला. अलाहाबादचे मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख झाले. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले.

1939 च्या फेब्रुवारीत पथक येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर पोचलं. तिथे जॉर्ज हेटेम हा अमेरिकन डॉक्टर आधीपासून काम करत होता. मा हायद हे चिनी नाव घेऊन तो तिथलाच झाला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून अमेरिकेत जमलेल्या मदतीच्या बळावर चीनला आले होते आणि पुढे आघाडीवर शस्त्रक्रिया करत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेच्या जंतुसंसर्गाने ते गेले. त्यांच्या नावाने चाललेल्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून 1941 मध्ये कोटणीस नेमले गेले. सोलापूरला वडील वारल्याची बातमी आली तरी ते परतले नव्हते. त्यांनी चिनी शिकून घेतलं, सहकारी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले, तेव्हा त्यांचं वय 32 होतं आणि मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. ते गेले ती जागा त्याच हबेई प्रांतातली, मानचंगहून फार लांब नसलेली.

कोटणीस शल्यविशारद. त्यांची हत्यारं वेगळी होती. सुईचा धागा पुढे नेला तो बसूंनी. पथकातले बाकीचे तिघे परतल्यावरही बसू 1943 पर्यंत येनान भागात राहिले. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत औषधटंचाईने गांजलेल्या त्याच येनानमध्ये आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांनी जुन्या सुईकडे पुन्हा वळून पाहिलं. त्यांतल्या चू ल्येन या डॉक्टर बाईंनी सुईच्या जागा शरीररचनाशास्त्राशी पडताळून घेतल्या आणि 1951 मध्ये ‘नवे अ‍ॅक्युपंक्चर’ हे पुस्तक काढलं. सुई वैदूच्या झोळीतून निघून इस्पितळात शिरली ती अशी. बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले. जुन्या मित्रांच्या देशात ते आता विद्यार्थी म्हणून बसले, सुई शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी कलकत्त्यात ती चालवायला सुरुवात केली.

तीनच वर्षांत, 1962 मध्ये भारत-चीन युद्ध झालं. भाईचाऱ्याच्या घोषणा गेल्या, येणंजाणं तुटलं. सुई मात्र टिकली, कारण तोवर ती भारतीय डॉक्टरांच्या हाती आलेली होती. पुढे बसूंनी ती शिकवली. 1975 मध्ये लुधियानात अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय उभं राहिलं, त्याला नाव दिलं कोटणीसांचं.

अमेरिकेत सुई पोचली ती मात्र वर्तमानपत्रातून. 1971 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन टेबल टेनिस संघ पेकिंगला गेला. जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन गेले आणि तिथेच त्यांचं अपेंडिक्स दुखू लागलं. ज्या रुग्णालयात ते कापून काढलं, ते एकेकाळी रॉकफेलरच्या पैशाने उभारलेलं होतं. शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनने झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून दुखू लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. 26 जुलैला रेस्टन यांनी हे लिहिलं आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट उसळली. शस्त्रक्रियाच सुयांवर झाली, असा समज तेव्हापासून जो पसरला तो अजून पुरता पुसला गेलेला नाही. पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले, आणि तोवर सामान्य अमेरिकन माणसाला चीनची एक तरी गोष्ट ठाऊक झाली होती.

सुईचे गुण मोजूनमापून सांगावे लागतात. काही जुनाट दुखणी, डोकेदुखी आणि केमोथेरपीनंतरची मळमळ यांत तिचा उपयोग दिसतो. सगळ्या रोगांवर रामबाण म्हणून ती विकणाऱ्यापासून चार हात दूर राहावं. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी, ही खात्री रोग्याने स्वतः करून घ्यावी. टोचणारा नोंदणीकृत आहे का, हेही विचारावं, कारण आता त्याला कायदा आहे. पश्चिम बंगालने तो 1996 मध्ये केला, महाराष्ट्राने 2015 मध्ये. केंद्र सरकारने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती 2019 मध्ये.

सुईला ही मान्यता मिळण्याच्या कितीतरी आधीपासून, चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटण्याची रीत पडली. 2006 मध्ये हू जिंताव मुंबईत भेटले, 2013 मध्ये ली खछ्यांग. अशा भेटी दोन्ही राजधान्यांमधली हवा पाहून ठरतात. बसूंनी कलकत्त्यात पहिली सुई टोचली त्याला महाराष्ट्राचा कायदा झाला तेव्हा 56 वर्षं उलटली होती. तिची ओळख पटायला इथल्या सरकारला इतका वेळ लागला. त्या पाच डॉक्टरांना 1938 मध्ये बोटीवर चढवणाऱ्या वर्गणीदारांना चीनची ओळख पटायला कुठलाही करार लागला नव्हता.