राशीतले वाटे

संगणकातील ज्या स्मृतीतून मागणीनुसार वाटे दिले जातात, तिला ‘हीप’ म्हणतात. म्हणजे आपली खळ्यावरची रास. बलुतेदारांचे वाटे रूढीने ठरत. येथे रीत शोधावी लागली. केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मोठा तुकडा निम्मा-निम्मा करीत वाटण्याची आणि परत आलेले जोडतुकडे सांधण्याची रीत मांडली.

चिमुकल्या यंत्रांत बहुधा कार्यप्रणालीच नसते. मग वाटणार कोण? रस्ट भाषेने ऑगस्ट २०१८ मध्ये, १.२८ या आवृत्तीत, वाटप करणारा आपणच नेमण्याची स्थिर सोय दिली. नेमणूक दोन ओळींत उरकते. रास कोठून सुरू होते आणि केवढी, हे मात्र आरंभीच सांगावे लागते. रस्टची मालकीविषयीची शिस्त कडक खरी, पण रास विखुरणे तिच्या अखत्यारीत येत नाही. जागा शिल्लक असूनही सलग तुकडा मिळत नाही आणि यंत्र अडते. म्हणून कित्येक जाणकार रासच मांडत नाहीत. ठरीव मापाच्या कप्प्यांवर भागवतात.